‘काही नाही, घरीच होतो’



पदवी परीक्षांचे निकाल हाती आले की आपल्या घरांतून एक ठरावीक संवाद सुरू होतो. वडील म्हणतात, "आता दुकानावर बस." मुलगा म्हणतो, "मला नोकरी करून पाहायची आहे." आई दोघांच्या मध्ये उभी असते. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा हा संवाद होतही नाही. तिच्या नोकरीचा विचार स्थळांच्या यादीनंतर कोठेतरी केला जातो. पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसलेल्या घरांतील मुले-मुली आज नोकरीच्या शोधात आहेत, ही वस्तुस्थिती आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. खंत वाटावी ती निराळ्याच गोष्टीची. माल कसा पारखावा, भाव कसा काढावा, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे आपल्याला आजोबांनी शिकविले. अर्ज कसा करावा, मुलाखतीला कसे सामोरे जावे, हे शिकविणारे मात्र आपल्या घरात सहसा कोणी नसते. आणि ज्याला थोडे कळते असे आपण समजतो, तोही कधीकधी चुकीचे शिकवितो.

या वेळी मी माझीच चूक सांगणार आहे.

माझी थोरली बहीण बार्शीला दिली आहे. दाजींचे तेथे भुसार व किराणा मालाचे ठोक दुकान आहे. भाचा बी.कॉम. झाला त्याच उन्हाळ्यात दाजींच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्यांना दगदग वर्ज्य केली. भाचा दुकानात उभा राहिला. एक वर्ष म्हणता म्हणता दोन वर्षे गेली. दाजी सावरले, पण मधल्या काळात दोन मोठ्या कंपन्यांच्या एजन्सी हातच्या गेल्या होत्या. दुकानाच्या उत्पन्नात बँकेचे हप्ते आणि घरखर्च दोन्ही भागेनात. भाच्याने पुण्यात नोकरी पाहावी, असे ठरले.

मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात तीस वर्षे काढली आहेत. साहजिकच भाच्याला तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्याला पहिलाच सल्ला दिला तो असा : "घरच्या दुकानातले काम रिझ्युमेत लिहू नकोस. त्याला कोणी अनुभव म्हणत नाही. उलट हा उद्या परत दुकानात जाऊन बसेल, अशी शंका मात्र येईल." त्याने ऐकले. पदवी, गुण, टॅलीचे प्रमाणपत्र, आणि त्यापुढे कोरी जागा. पाच महिन्यांत चाळीसहून अधिक अर्ज गेले. मुलाखती चार झाल्या. नोकरी एकही नाही.

दिवाळीत मी बार्शीला गेलो. संध्याकाळी ओट्यावर आम्ही मुलाखतीचा सराव करीत बसलो होतो. मी साहेबाच्या आवाजात विचारले, "पदवीनंतरची दोन वर्षे काय करत होतात?"

भाचा म्हणाला, "काही नाही सर, घरीच होतो."

दाजी आतल्या खोलीत होते. ते उठले, सावकाश कपाटाशी गेले, आणि लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या आणून त्यांनी मुलाच्या मांडीवर ठेवल्या. "ही अक्षरे कुणाची आहेत?" एवढेच त्यांनी विचारले आणि ते आत निघून गेले.

भाच्याने मान खाली घातली. खरे तर ती मी घालायला हवी होती. ते उत्तर मीच त्याला शिकविले होते.

आधी वही उघडा

त्या रात्री आम्ही त्या वह्या घेऊन बसलो. १३२ ग्राहकांची उधारीची खाती त्याने एकट्याने सांभाळली होती. थकलेल्या उधारीपैकी निम्म्याहून अधिक वसूल केली होती. दरमहा ११ तारखेच्या आत विक्रीची आणि २० तारखेच्या आत कराची माहिती जीएसटी सल्लागाराकडे तयार करून दिली होती. पुरवठादाराने बिल चढविले की नाही हे ताडून पाहिले होते, कारण त्याने ते चढविले नाही तर आपली करसवलत अडकते, हे त्याला ठाऊक होते. साठ्याच्या हातच्या नोंदी त्याने टॅलीवर आणल्या होत्या आणि तसे करताना डाळीच्या पोत्यांतील तफावत शोधून काढली होती. मुदत संपलेल्या मालाची भरपाई कंपन्यांकडून मागून घेतली होती.

यातील प्रत्येक कामासाठी मोठ्या कंपन्यांत स्वतंत्र माणसे पगारावर असतात. रिसिव्हेबल्स, इन्व्हेंटरी, रिकन्सिलिएशन अशी त्यांची नावे आहेत. आपल्या मुलांना ही नावे ठाऊक नसतात आणि आपल्याला त्या कामांची किंमत ठाऊक नसते.

म्हणून नोकरीच्या तयारीची पहिली पायरी म्हणजे रिझ्युमेचा सुंदर नमुना शोधणे नव्हे. एक वही घ्यावी आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आपण प्रत्यक्ष काय केले, ते आठवून लिहावे. दुकानातले काम, महाविद्यालयातील प्रकल्प, संघाच्या कार्यक्रमाचा जमाखर्च, धाकट्या भावंडांच्या शिकवण्या, जे असेल ते. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी असाव्यात : काम कोणते होते, मी नेमके काय केले, आणि त्यातून काय निष्पन्न झाले. जेथे आकडा असेल तेथे आकडा लिहावा.

भाच्याच्या रिझ्युमेत आधी काहीच नव्हते. कोणी लिहिलेच असते तर "घरच्या दुकानात मदत केली" असे लिहिले असते. त्याऐवजी आम्ही लिहिले : "कौटुंबिक ठोक किराणा व्यवसायात पूर्णवेळ काम, दोन वर्षे. १३२ ग्राहकांची उधारीची खाती व वसुली. दरमहा जीएसटी विवरणपत्रांसाठी खरेदी-विक्रीच्या माहितीची तयारी व पडताळणी. साठ्याच्या नोंदी टॅलीवर आणल्या." चार ओळी, पण त्या वाचून समोरच्याला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो.

येथे उलट दिशेचा मोहही असतो. वडिलांच्या दुकानात स्वतःला ‘जनरल मॅनेजर’ म्हणवून घेणारे, सहा महिन्यांचे काम दोन वर्षे दाखविणारे, न शिकलेले सॉफ्टवेअर यादीत घालणारे उमेदवार मी पाहिले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, गणले आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. ते व्यापाऱ्याच्या वहीला जसे लागू, तसे उमेदवाराच्या एका पानालाही लागू आहे. व्यवहारातही ते अंगाशी येते, कारण आज अनेक कंपन्या नेमणुकीपूर्वी वा नंतर कागदपत्रांची व पूर्वीच्या कामाची पडताळणी करवून घेतात. घरच्या व्यवसायातील कामाला साक्ष म्हणून वडिलांचे नाव देण्यापेक्षा कर सल्लागार, सनदी लेखापाल किंवा जुना पुरवठादार यांचे नाव त्यांना विचारून द्यावे. त्यांच्या शब्दाला वजन असते.

बायोडेटा आणि रिझ्युमे

आपल्याकडे एक गल्लत हमखास होते. स्थळांसाठी तयार केलेला बायोडेटा थोडा फिरवून नोकरीसाठी पाठविला जातो. कार्यालयात असताना माझ्या टेबलावर आलेल्या एका अर्जात उमेदवाराची उंची, गोत्र, मामेकूळ आणि दोन काकांच्या दुकानांचे पत्ते होते. त्याला एक्सेल येते की नाही, हे मात्र नव्हते. रिझ्युमेत धर्म, वैवाहिक स्थिती, कुटुंबाचा तपशील यांची गरज नसते. नाव, दूरध्वनी, सरळ नावाचा ई-मेल पत्ता, शिक्षण, काम, कौशल्ये, भाषा, एवढे पुरे. नवपदवीधरासाठी एकच पान असावे. ते पीडीएफ स्वरूपात पाठवावे आणि फाइलला स्वतःचे नाव द्यावे. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा अर्ज प्रथम संगणकाकडून चाळले जातात. रंगीत चौकटी, चित्रे आणि तक्ते यांतील मजकूर तेथे नीट वाचला जाईलच असे नाही. म्हणून मांडणी साधी ठेवावी. जाहिरातीत कामासाठी जे शब्द वापरले असतील आणि जे आपल्याला खरोखर येते, ते त्याच शब्दांत लिहावे. एकच रिझ्युमे सगळीकडे धाडणे म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच नमुना दाखविण्यासारखे आहे.

कागदपत्रांची एक अडचण आपल्या समाजात विशेष आढळते. शाळेच्या दाखल्यावर कुळाचे आडनाव, आधार कार्डावर ‘जैन’, आणि पॅन कार्डावर तिसरेच काही. कोठे ‘शहा’, कोठे ‘शाह’. नोकरी हाती आल्यावर हा गुंता पुढे येतो आणि रुजू होण्याची तारीख लांबते. शेवटच्या वर्षातच सर्व कागद एकत्र मांडून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख जुळतात का, ते पाहावे. दुरुस्तीला व राजपत्रात नावाची नोंद करण्यास वेळ लागतो. गुणपत्रके, आधार व पॅन डिजिलॉकरवर आणून ठेवावीत. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत. ती कोणाच्या ताब्यात देऊन येऊ नये.

बाजारपेठ कोठे आहे

माल तयार झाला, पण पेठ ठाऊक नसेल तर तो पडून राहतो. महाविद्यालयातील प्लेसमेंट कक्षाकडे आपली मुले पुष्कळदा फिरकतच नाहीत, ‘आपल्याला काय, दुकान आहेच’ या समजुतीने. ते दार पदवीबरोबर बहुधा बंद होते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तेथे नाव नोंदवावे. केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाने २०१५ साली सुरू केलेल्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही शिकाऊ म्हणून घेतले जाते. दरमहा विद्यावेतन मिळते, आणि राष्ट्रीय योजनेत त्याचा काही भाग सरकार उचलते. रक्कम लहान असते, पण ज्याच्या हाती दुसरा अनुभव नाही त्याच्यासाठी मोठ्या संस्थेत वर्षभर काम करण्याची ती चांगली संधी आहे. बँकांच्या भरतीपरीक्षा, सनदी लेखापालांची कार्यालये, वितरण व गोदाम कंपन्या, खरेदी विभाग, ही वाणिज्य पदवीधरांची नेहमीची क्षेत्रे आहेत. व्यापारी घरातील मुलाला यांतील बरीचशी परकी नसतात.

ओळखीचेही दोन शब्द. आपल्या समाजात ओळखी भरपूर असतात आणि त्यांचा उपयोग करण्यात गैर काही नाही. पण "माझ्या मुलाला कोठेतरी चिकटवा" असे म्हटल्याने समोरचा माणूस संकोचात पडतो. त्याऐवजी मुलाने स्वतः जावे, वीस मिनिटे मागावीत आणि विचारावे, "आपल्या क्षेत्रात नवीन माणसाकडून काय अपेक्षा असते? मला काय शिकायला हवे?" असा प्रश्न विचारणारा लक्षात राहतो. ओळखीने दार उघडते. खुर्ची मात्र कामानेच टिकते.

अर्जांचे खाते

भाच्याला मी विचारले, "चाळीस अर्ज कोठे कोठे केलेस?" त्याला निम्मेही आठवले नाहीत. १३२ खाती चोख ठेवणाऱ्या मुलाने स्वतःच्या अर्जांचे एकही खाते ठेवले नव्हते. मग आम्ही एक वही आखली : तारीख, कंपनी, पद, जाहिरात कोठे पाहिली, कोणता रिझ्युमे पाठविला, कोणाशी बोलणे झाले, उत्तर काय आले, पुन्हा विचारणा कधी करायची. आठ-दहा दिवसांत उत्तर नसेल तर एक नम्र स्मरणपत्र पाठवावे, जसे आपण वसुलीला पाठवितो. त्याहून अधिक तगादा नको.

अशा वहीचा खरा उपयोग महिन्याअखेर होतो. वीस-पंचवीस अर्ज करूनही एकही बोलावणे नसेल, तर दोष रिझ्युमेत आहे किंवा आपण चुकीच्या पदांना अर्ज करीत आहोत. बोलावणी येतात पण पहिल्याच फेरीत गाडी अडते, तर उत्तरांची तयारी कमी आहे. शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचून नकार येत असेल, तर तयारी योग्य मार्गावर आहे. धीर धरावा आणि शक्य तेथे नकाराचे कारण विचारावे. वहीविना हे काहीच कळत नाही. मग मुलाला एकच निष्कर्ष सुचतो, की आपल्यातच काही कमी आहे. तो निष्कर्ष बहुधा खोटा असतो आणि फार नुकसान करतो.

मुलाखत

मुलाखतीपूर्वी कंपनी काय विकते, कोणाला विकते, तिचे प्रतिस्पर्धी कोण, हे पाहून जावे. शक्य असेल तर तिचा माल बाजारात जाऊन पाहावा. स्वतःच्या कामातील पाच प्रसंग निवडून ते मोठ्याने, घड्याळ लावून सांगण्याचा सराव करावा. प्रत्येकी दीड-दोन मिनिटे पुरेत. मनातल्या मनात केलेला सराव तोंडात येत नाही. मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांनी लहान वाक्ये करावीत, सावकाश बोलावे, आणि प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा. लेखा विभागातील जागांसाठी अनेकदा संगणकासमोर बसवून एक्सेलची परीक्षा घेतात. व्हीलूकअप आणि पिव्हट टेबल ही दोन कामे हाताला वळण लागेपर्यंत करावीत. सरावासाठी घरच्या दुकानाची विक्री याहून चांगली सामग्री कोणती? मुलाखत ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा, प्रकाश समोरून यावा, आणि घरातील मंडळींनी तेवढा अर्धा तास मिक्सर व दूरदर्शन बंद ठेवावे.

व्यापारी घरातील उमेदवाराला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "तुमचे दुकान आहे, मग नोकरी कशाला? उद्या सोडून जाल." या प्रश्नाला घाबरूनच मी भाच्याला दुकान लपवायला सांगितले होते. लपवून तो प्रश्न टळत नाही. त्याचे उत्तर आधी घरात ठरवावे लागते. दुकान कोण पाहणार, मुलाकडून किती वर्षांची अपेक्षा आहे, अडचणीला त्याने धावून यायचे की दुसरी व्यवस्था आहे, हे वडिलांनी आणि मुलाने समोरासमोर बसून बोलावे. जो मुलगा एक पाय दुकानात आणि एक पाय बाहेर ठेवून अर्ज करतो, त्याच्या बोलण्यात ती धरसोड उमटतेच. आमच्याकडे हे बोलणे त्या दिवाळीत प्रथमच झाले. दाजी म्हणाले, "माझ्याच्याने होईल तोवर दुकान मी पाहीन. तू मोकळ्या मनाने जा." त्यानंतर भाच्याचे उत्तर सरळ झाले : "दुकान वडील सांभाळतात. माल आणि पैसा मोठ्या संस्थेत कसा फिरतो, ते मला शिकायचे आहे."

नोकरी आणि व्यापार एकमेकांचे वैरी आहेत, असेही नाही. सोलापूरच्या व्यापारी जैन घरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद घरचा धंदा सोडून रेल्वेच्या ठेकेदारीत उतरले, तेव्हा त्यांचे पहिले भागीदार होते लक्ष्मणराव फाटक. हे फाटक आधी रेल्वेत कारकून होते. बार्शी लाइट रेल्वेचे काम या जोडीच्या आरंभीच्या कामांपैकी होय. नोकरीत मिळविलेले कामाचे ज्ञान आणि व्यापारी घरातले धाडस एकत्र आले की काय होऊ शकते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

पगाराचा हिशेब आणि पार्टीची चौकशी

वार्षिक ३ लाख रुपये ‘सीटीसी’ म्हणजे दरमहा २५,००० हातात, असे समजून घरात पेढे वाटले जातात. हिशेब असा असतो. मूळ वेतन निम्मे, म्हणजे १२,५०० धरले, तर भविष्य निर्वाह निधीत १२ टक्क्यांप्रमाणे कर्मचाऱ्याचे १,५०० आणि मालकाचे १,५०० जातात, आणि मालकाचा वाटाही बहुधा त्याच २५,००० मध्ये मोजलेला असतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. दरमहा २५,००० पर्यंत वेतन असलेल्या महिलांना तो माफ आहे. काही कंपन्या ग्रॅच्युइटीही यात धरतात. हाती येतात २१ ते २२ हजार. पुण्या-मुंबईतील राहणे, जेवण आणि प्रवास यांचा अंदाज या आकड्यावर करावा. नेमणूकपत्र लेखी घ्यावे. नोकरी सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची आहे आणि काही करारबंधन आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

कामाच्या वेळाही याच टप्प्यावर विचाराव्यात. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असेल, पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात रजा हवी असेल, तर निवड झाल्यावर आणि रुजू होण्यापूर्वी ते शांतपणे सांगावे. डबा बरोबर नेणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांची सवड सहसा कोणी नाकारीत नाही. मात्र पाळी रात्रीची आहे हे आधी न विचारता नंतर तक्रार करणे योग्य नव्हे.

आणि फसवणुकीपासून सावध राहावे. नोंदणी शुल्क, अनामत, प्रशिक्षण साहित्य, लॅपटॉपची ठेव, अशा कोणत्याही नावाने नोकरी देण्यासाठी पैसे मागितले, की तेथेच व्यवहार थांबवावा. आपण अनोळखी पार्टीला उधार माल देण्यापूर्वी तिचा जीएसटी क्रमांक तपासतो. तोच क्रमांक नोकरी देणाऱ्याचाही जीएसटीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. कंपनी नोंदलेली आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कळते. मोठ्या कंपनीच्या नावाने पत्र आले तर त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारून घ्यावे, पत्रात छापलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

घराचे काम

शेवटी वडीलधाऱ्यांसाठी थोडेसे. नोकरी शोधणे हे पूर्ण दिवसाचे काम आहे. मुलाला किंवा मुलीला रोज दोन-तीन तास गल्ल्यावरून मोकळे करावे आणि बसायला एक शांत कोपरा द्यावा. रोज संध्याकाळी "आज काही आले का?" असे विचारू नये. आठवड्यातून एकदा अर्जांची वही एकत्र पाहावी. गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर ‘अजून काही लागले नाही’ असे म्हणू नये. मुलाखतीला सोडायला जावे, पण आत जाऊ नये. मुलगी नोकरी शोधत असेल तर तिचा शोध स्थळ जमेपर्यंतचा वेळ घालविण्याचा उद्योग समजू नये. तिला हे लगेच कळते आणि तिची तयारी तेथेच ढिली पडते.

भाच्याला पुढल्या दोन महिन्यांत सहा बोलावणी आली. एका वितरण कंपनीच्या गोदामात साठा व लेखा साहाय्यकाची जागा होती. तेथील अधिकाऱ्यांनी वसुलीबद्दल विचारले. त्याने एका उपाहारगृहाच्या मालकाची गोष्ट सांगितली. सात महिने त्याची उधारी थकली होती. भाचा महिन्याच्या पहिल्या तारखेऐवजी आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ लागला, कारण त्या दिवशी गल्ल्यात रोकड असते. दर आठवड्याला दोन हजार असे ठरविले. खाते फिटले, आणि गिऱ्हाईकही तुटले नाही. अधिकाऱ्यांनी पुढे फारसे विचारले नाही. पगार मोठा नाही, पण बँकेचा हप्ता त्यातून जातो.

नेमणूकपत्र आल्यावर त्याने दाजींना दूरध्वनी केला. दाजींनी आधी विचारले ते पगाराचे नव्हे. "त्यांना दुकानाचे सांगितलेस ना?" एवढेच विचारले.

आपल्या घरात यंदा कोणी पदवीधर झाले असेल, तर येत्या रविवारी दुपारचा एक तास काढा. एक कोरी वही घ्या, मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय काय केले ते त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. बाकीची तयारी त्यानंतर करता येते.